गोऱ्ह्याची खांदशेकणी

जो माणूस आमच्या घरून चहा घेतल्याशिवाय कधी हलला नाही, तो पोळ्याच्या सकाळी मागच्या फाटकातून येते, शेडमध्ये शिरते अन् चहा न घेता गुपचूप निघून जाते, तर तुम्ही काय समजाल? मले तर त्यात सरळ चोरीच दिसली. आमचे हे म्हणतात, "चारू, तू पोलीस खात्यात पाहिजे होती." म्हणू द्या. घर सांभाळणाऱ्या बाईले डोळे उघडे ठेवावेच लागतात.

तो माणूस म्हणजे धम्मानंदभाऊ, यायचे जिवाभावाचे दोस्त. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. हे जिल्हा परिषदेत हिशेबाच्या टेबलावर होते, धम्मानंदभाऊ बँकेत. जन्मभर दोघायचा यंत्राशी संबंध आला तो स्टेपलरपुरता. पण रिटायर झाले अन् दोघायले एकदमच खूळ लागलं, जुने, छोटे, बागेतले ट्रॅक्टर दुरुस्त कराचं. नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरामागं टिनाचं शेड टाकलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून एक इंजिन उघडलं, ते पुन्हा बंद कराले अख्खा उन्हाळा गेला. आता मात्र दोघंही तयार झाले आहेत. नोझल साफ करणं, डिझेलच्या नळीतली हवा काढणं, पुठ्ठा कापून गॅसकेट बनवणं, सारं घरच्या घरी. माझ्या कुकरचे दोन डबे गंजलेले बोल्ट डिझेलात भिजवाले म्हणून नेले, ते परत आलेच नाहीत.

तीन वर्षांपासून शेडमध्ये उभा होता तो माझ्या बाबायचा ट्रॅक्टर. माझं माहेर पारशिवनीचं. तिकडं सारे धान लावतात, पण बाबायनं हट्टानं संत्र्याची बाग लावली. मोठा ट्रॅक्टर झाडायच्या फांद्यांखालून जात नव्हता, म्हणून म्हातारपणी बैलजोडी विकून त्यायनं हा बुटका ट्रॅक्टर आणला. एकाच सिलिंडरचा, हँडल मारून चालू होणारा, माझ्या कमरेइतका उंच. नाव ठेवलं गोऱ्हा. आमच्याकडं तरण्या बैलाले गोऱ्हा म्हणतात. बाबा गेले, मंग बागही वाळली, अन् गोऱ्हा गोठ्यात गंजत पडला. मी माझा भाऊ विक्रम याच्या मागं लागून लागून तो नागपूरले आणवला. यायनं अन् धम्मानंदभाऊयनं त्याले पहिल्याच पावसाळ्यात बोलतं केलं. ज्या दिवशी तो टुकटुक कराले लागला त्या दिवशी मी पदर तोंडाले लावून शेडमध्ये रडली होती, हे दोघायनंही पाहिलं होतं.

अन् यंदा विक्रमचा फोन आला. "ताई, पेंचच्या रस्त्यावरचा एक रिसॉर्टवाला गोऱ्हा मागून राहिला. गेटवर उभा करतो अन् त्यात फुलझाडं लावतो म्हणते."

"फुलझाडं? माझ्या बाबायच्या ट्रॅक्टरात?"

"मंग काय करू? नुसतं उभं यंत्र किती दिवस सांभाळाचं? असं कर, पोळ्याले घेऊन ये. रांगेत आपल्या पायानं तोरणाखालून गेला तर ठेवतो. मी यंदा पुन्हा संत्र्याची झाडं लावून राहिलो, तिथं चालवीन. नाही गेला तर फुलझाडं. मंग रडाचं नाही."

आमच्या गावात आता बैल कमी अन् ट्रॅक्टर जास्त. म्हणून पोळ्याच्या रांगेत बैलायच्या मागं ट्रॅक्टरही सजवून उभे करतात. म्हणजे साऱ्या गावासमोर परीक्षा. त्या दिवसापासून माझ्या डोळ्याले डोळा लागला नाही, अन् धम्मानंदभाऊयच्या त्या पोळ्याच्या सकाळी मले पुन्हा आठवाले लागल्या.

पहिल्या वर्षी काय झालं, मी पुरणाची डाळ शिजत घालून खिडकीशी उभी होती. जेमतेम उजाडलं होतं. मागचं फाटक वाजलं. धम्मानंदभाऊ, काखेत कापडी पिशवी. शेडची एक चावी यायनंच त्यायच्याजवळ देऊन ठेवली होती. ते आत गेले अन् दार ओढून घेतलं. मले वाटलं, काही काम राहिलं असंल. मी चहाचं आधण ठेवलं. थोड्या वेळानं बाहेर आले, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, अन् फाटक हळूच लावून गेले. मी आधण ओतून टाकलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तीच पिशवी, तेच इकडं-तिकडं पाहणं. ते गेल्याबरोबर मी शेडमध्ये गेली. गोऱ्हा जागेवर, हँडल जागेवर, टाकीचं पितळेचं झाकण जागेवर. पण शेडमध्ये पावडरचा वास येऊन राहिला होता. ग्रीसचा नाही, डिझेलचा नाही. तोंडाले लावतात त्या पावडरचा! मायबाई, म्हटलं, माणूस पहाटे पावडर लावून ट्रॅक्टरले भेटाले येते का?

यायले सांगितलं तर हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "काही गेलं का?"

"नाही."

"मंग चोरी कायची?"

"तेच तर! काही न नेणारा चोर जास्त वाईट. असली पार्ट काढून नकली बसवत असंल. तुम्हाले कळणार आहे का?"

"धम्मा असं करंल हे तुले वाटते तरी कसं, तेच मले कळत नाही," असं म्हणून हे हसले. माझ्या अंगाची आग झाली.

अन् पोळ्याचीच सकाळ काहून? धम्मानंदभाऊयच्या आजोबायनं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यायच्या घरी हे सण नाहीत. ते स्वतःच म्हणतात, "वहिनी, पुरणपोळी आणा, पूजा तुमची तुम्ही पाहा." मंग वर्षाचे सारे दिवस सोडून त्याच दिवशी, तेही चोरपावलानं?

यंदा पोळ्याच्या आठवड्यात विक्रम त्या रिसॉर्टवाल्याले घेऊन आला. डोक्यावर गॉगल, हातात दोन मोबाईल. गोऱ्ह्याच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "क्यूट आहे." क्यूट! मी त्याले पाणीसुद्धा विचारलं नाही. जाताना धम्मानंदभाऊ त्याले गाडीपर्यंत सोडाले गेले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दोघं गाडीजवळ उभे राहून हळू आवाजात बोलून राहिले होते. धम्मानंदभाऊ मान हलवून हलवून काही सांगत होते अन् तो गॉगलवाला ऐकत होता. मी वर दिसली तशी बोलणं बंद.

शेजारची मुग्धा तेवढ्यात गच्चीवर आली होती. तिनं आगीत तेल ओतलं. "काकू, जुन्या पार्टले आजकाल लय भाव आहे. ऑनलाइन विकतात लोक."

झालं. माझ्या डोक्यात सारं जुळलं. गोऱ्हा पोळ्यात बंद पाडाचा, तो रिसॉर्टवाल्याले मिळवून द्याचा, अन् मधल्या मधी आपला हात ओला कराचा. अन् मी या माणसाले इतके वर्ष आलं घालून चहा देत आली!

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दोघायनं गोऱ्हा गल्लीतून फिरवून आणला. कोपऱ्यावरचा चढ असा चढला की पोरायनं टाळ्या वाजवल्या. दुपारी हे गाडी ठरवाले गेले. धम्मानंदभाऊ नळावर हात धुवून राहिले होते. ओट्यावर चहा तयार होता. मी बाहेर गेली.

"भाऊ, शेडची चावी द्या."

"काहून वहिनी?"

"माझ्या बाबायचा ट्रॅक्टर आहे. आता चावी माझ्याजवळ राहीन."

"पण उद्या सकाळी मी येणारच होतो..."

"त्याच्यासाठीच मागून राहिली."

त्यायनं नळ बंद केला. ओले हात पँटले पुसले, जुडग्यातून चावी काढली अन् माझ्या हातावर ठेवली. "उद्या न्याच्या आधी बेल्ट एकदा पुसून घ्या वहिनी. कोरड्या फडक्यानं."

"आम्हाले सारं समजते."

त्यायनं एकदा शेडकडं पाहिलं. चपला घातल्या अन् मागच्या फाटकातून गेले. चहा मी दिला नाही. उलट तसंच जाऊन एक नवं कुलूप आणलं अन् मागच्या फाटकाले ठोकून दिलं.

हे घरी आले तर घरात महाभारत. "धम्माले चावी मागितली? तुले लाज नाही वाटली?"

"लाज मले काहून वाटंल? लपूनछपून मी येते का?"

यायनं धम्मानंदभाऊयले फोन लावला. तिकडून ते एवढंच म्हणाले म्हणे, "जाऊ दे गा, वहिनीचा जीव त्या ट्रॅक्टरात आहे. पोळा होऊ दे, मंग पाहू." याचाही मले संशयच आला. निर्दोष माणूस भांडते. हा भांडत काहून नाही?

हे रुसून अंथरुणावर जाऊन पडले. बरंच झालं, कारण मले शेडमध्ये एकटीनंच जाचं होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलायची खांदशेकणी असते. वर्षभर ओढून ओढून घट्टे पडलेले खांदे कोमट पाण्यानं शेकाचे, पळसाच्या पानानं लोणी-हळद चोळाची, अन् बैलाले जेवणाचं आवतन द्याचं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैल विकल्यावर बाबा गोऱ्ह्याची खांदशेकणी कराचे. मी एकदा माहेरी गेली होती तेव्हा पाहिलं होतं. मी हसली तर म्हणाले, "ओढ जिथं लागते तो खांदा, बाई. हसू नको." गोऱ्हा नागपूरले आल्यापासून दर पोळ्याले मी ते करत होती. यायले सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं. यंदा तर मी वाटीभर जास्तच लोणी घेतलं. हात जोडून म्हटलं, उद्या इज्जत राख.

सकाळी उजाडताच खिडकीशी जाऊन उभी राहिली. अन् आले ना! तीच पिशवी. फाटकाले हात लावला, नवं कुलूप दिसलं. ते कुलूप त्यायनं हातात धरून पाहिलं, सोडलं. मंग खिडकीकडं पाहिलं. मी पडद्यामागं होती, पण त्यायले दिसली असंल. उभेच राहिले, बराच वेळ. मंग पिशवी काखेत मारून हळूहळू परत गेले. मी मनात म्हटलं, घ्या, सापडला की नाही? इतका आनंद मले दिवाळीतही होत नाही.

गोऱ्ह्याले झेंडूच्या माळा घातल्या, बॉनेटवर बेगड चिकटवलं. धुरानं माळा काळ्या होतील म्हणून मी इंजिन चालू करू दिलं नाही. चौघायनं ढकलूनच तो गाडीत चढवला. बेल्ट पुसाचं माझ्या ध्यानात होतं. मुद्दामच पुसले नाहीत. ज्याची नियतच खराब, त्याचं कायले ऐकाचं? गाडीत हे माझ्याकडं पाठ करून बसले. रामटेकचा फाटा मागं गेला तरी तसेच.

पारशिवनीले आखरावर सारं गाव जमलं होतं. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथं ढोरं गोळा होतात. पुढं बैल, शिंगायले बेगड, पाठीवर झुली. त्यायच्या मागं ट्रॅक्टर. मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानायचं तोरण बांधलेलं, अन् तोरणाच्या आधी थोडासा चढ. विक्रम तोरणाजवळ उभा होता. रिसॉर्टवालाही आला होता, त्याच गॉगलात. यायनं हँडल मारलं अन् पहिल्याच फटक्यात गोऱ्हा टुकटुक कराले लागला. माझी छाती भरून आली. बाबा असते तर पागोटं सरळ केलं असतं.

बैल तोरणाखालून गेले. लोकायनं झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हटली. मंग गोऱ्ह्याचा नंबर. सपाटीवर तो रांगत रांगत निघाला. जरा सुस्तच वाटला. चढाले लागला अन् उभाच राहिला. इंजिन बोंबलून राहिलं, चाकं जागची हलत नाहीत. यायनं रेस वाढवली. इंजिन अजून बोंबललं. अन् गोऱ्हा पुढं जाचा सोडून हळूच मागं घसरला. मागच्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला. पोरं हसाले लागली. गॉगलवाल्यानं मोबाईल वर करून व्हिडिओ काढणं सुरू केलं.

माझा तोल गेला. भर आखरावर मी ओरडली, "पाहा! सांगून राहिली होती ना मी? काढला ना त्यानं काहीतरी! त्या तुमच्या धम्मानंदनं घात केला माझ्या बाबायच्या गोऱ्ह्याचा!"

यायचं तोंड असं पांढरं पडलं की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. यायनं इंजिन बंद केलं.

अन् तेव्हा वास आला. गोड, खरपूस, ओळखीचा वास. माहेरी आमच्या शेजारच्या बायजाबाई काठी टेकत पुढं आल्या, नाक वर करून इकडं-तिकडं पाहिलं अन् म्हणाल्या, "कोणाच्या घरी तूप कढवून राहिले वं?"

कोणाच्याच घरी नाही. वास गोऱ्ह्यातून येऊन राहिला होता.

यायनं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. त्याच्या आत तीन रबरी बेल्ट असतात. इंजिनची सारी ओढ त्यायच्यावरूनच चाकांकडं जाते. ते बेल्ट पिवळे, चकचकीत, त्यायच्यावरून थेंब गळून राहिले. यायनं बोट लावलं, नाकाजवळ नेलं, अन् माझ्याकडं पाहिलं. "चारू, हे लोणी आहे?"

ओढ जिथं लागते तो खांदा. मी बरोबर खांद्यालेच लावलं होतं, वाटीभर. अन् बेल्ट बिचारे लोण्यावरून घसरून राहिले होते, तापून तापून त्यायनं लोण्याचं तूप केलं होतं. जुन्या गोठ्यातल्या बैलाले जे सुख देते, ते यंत्राचे पाय काढून घेते, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

विक्रम जवळ आला. मले वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. "ताई, तू बाबासारखी खांदशेकणी केली?"

"हाव."

"अन् सकाळी पुसलं नाही?"

"पुसाचं असते?"

"अवं, बाबा पोळ्याच्या पहाटे उठून चुलीतल्या राखेनं बेल्ट घासत बसत होते. चांगले कोरडे होईपर्यंत. मले तर वाटे, तीही रीतच आहे."

मी बाबायची संध्याकाळ पाहिली होती, पहाट पाहिली नव्हती. एका दिवसासाठी माहेरी आलेली लेक पहाटे कायले उठते? अन् तिथंच, त्या आखरावर, मले सारं समजलं. कापडी पिशवी, पावडर. राख नाही म्हणून पावडर. पोळ्याची पहाट. मी दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोणी लावत होती अन् तो माणूस दुसऱ्या पहाटे ते पुसून जात होता. अन् यंदा मी त्याच्याच तोंडावर कुलूप लावलं.

"बायजाकाकू, तुमच्या चुलीतली राख द्या," मी म्हटलं.

नव्या साडीत मी मातीत फतकल मारून बसली. बेल्ट गार होईपर्यंत थांबली, मंग राख लावून लावून घासले. हे जवळ आले तर त्यायले हात लावू दिला नाही. माझं लोणी, मीच काढीन. रांग खोळंबली होती. कोणी म्हणालं, तोरण तोडा आता, बैल घरी जाऊ द्या. तर विक्रम तोरणाची दोरी हातात धरून ओरडला, "थांबा गा! अजून एक बैल राहिला."

गोऱ्हा चढला. टुकटुक करत, धूर सोडत, सरळ तोरणाखालून गेला. आंब्याची पानं बॉनेटले घासली. विक्रमनं दोरी सोडली, गोऱ्ह्याच्या मागं धावला अन् त्याच्या पाठीवर असा हात फिरवला की जसा जिवंत आहे. मले जे पाहिजे होतं ते मिळालं. अन् मले मान वर करता येत नव्हती.

गॉगलवाल्यानं मोबाईल खिशात टाकला अन् यायले म्हणाला, "पण तुमचे ते मित्र तर म्हणाले होते, हा आतून पूर्ण सडला आहे, माझ्या गेटवर एक पावसाळासुद्धा काढणार नाही. त्यांनीच तर मला घेऊ नका म्हणून सांगितलं."

हे माझ्याकडं वळले. मी राखेचे हात नव्या साडीलेच पुसले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या गल्लीत पोरंसोरं लाकडी बैल ओढत बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागत फिरून राहिली होती. मी पुरणपोळ्यांचा डबा घेतला, चावी घेतली अन् धम्मानंदभाऊयच्या घरी गेली. एकटीच. हे येतो म्हणाले तर मीच नको म्हटलं.

दार त्यायच्या बायकोनं, मेघानं उघडलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, म्हणजे त्यायनं घरी काही सांगितलंच नव्हतं. भाऊ दिवाणावर बसून जुनं नोझल फडक्यानं पुसून राहिले होते. मले पाहून उठले. "या वहिनी. गेला का तोरणाखालून?"

एवढंच विचारलं. मले वाटलं होतं, दोन शब्द सुनावतील. माझ्या डोळ्यात पाणी आलं, अन् पाणी आलं की मले रागही येते.

"तुम्हाले माहीत होतं तर सांगितलं काहून नाही?" मी त्यायच्यावरच कडाडली. "यायले सांगाचं!"

"गिरिधरच्या पोटात राहिलं असतं का? त्यानं तुम्हाले जन्मभर चिडवलं असतं."

"मंग मले सांगाचं! मी गावासमोर तुम्हाले चोर म्हटलं, भाऊ. भर आखरावर, ओरडून!"

ते खाली बसले. नोझल फडक्यात गुंडाळून बाजूले ठेवलं. "सांगालेच आलो होतो वहिनी. पहिल्याच वर्षी. माझा पाना शेडमध्ये राहिला होता, तो न्याले संध्याकाळी आलो. तुम्ही पाठमोऱ्या बसल्या होत्या अन् पळसाच्या पानानं बेल्टले लोणी लावून राहिल्या होत्या. मी ओरडणारच होतो, अवो वहिनी, हे काय करून राहिल्या! तेवढ्यात तुम्ही गोऱ्ह्याले आवतन दिलं."

"ते तर देतातच."

"तुम्ही म्हटलं, 'बाबा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'"

मी असं म्हटलं होतं? म्हटलं असंल. मले आठवत नव्हतं. शेडमध्ये मी एकटीच आहे असं मी समजत होती.

"मी काही हे मानत नाही," धम्मानंदभाऊ खाली पाहत म्हणाले, "पण मंग माझ्याच्यानं बोलणं झालं नाही. म्हटलं, लावू दे. सकाळी येऊन पुसून टाकू. पुसाले काय लागते?"

मी तिथंच खुर्चीत बसून रडली. पदर नाही, काही नाही, सरळ मोठ्यानं. मेघा घाबरून पाणी घेऊन आली. तिले काहीच माहीत नव्हतं. ती एकदा माझ्याकडं पाहे, एकदा भाऊयकडं.

रडणं ओसरल्यावर मी चावी टेबलावर ठेवली. "ही तुमची. मागच्या फाटकाचं कुलूप मी तोडून टाकलं. गोऱ्हा आता पारशिवनीले राहणार. पुढच्या पोळ्याले तुम्ही दोघंही तिथं याचं. लोणी मी लावीन, पहाटे पुशीनही मीच. तुम्ही फक्त समोरच्या दारानं याचं अन् चहा घेतल्याशिवाय जाचं नाही."

धम्मानंदभाऊयनं चावी उचलली, जुडग्यात घातली.

"चहा तर आताही चालते वहिनी," ते म्हणाले. "परवाचा ओट्यावरचा राहिलाच आहे."

म्हणजे तोही त्यायनं पाहिला होता. मी डोळे पुसले, मेघाच्या स्वयंपाकघरात गेली अन् आलं शोधाले लागली.